मॅसिव्ह अटॅकचा ‘कलेक्टेड’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘कलेक्टेड’ हा नेमका कसला अल्बम आहे?

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातल्या मॅसिव्ह अटॅक या बँडचा हा ग्रेटेस्ट हिट्स अल्बम. मार्च २००६ मध्ये व्हर्जिन रेकॉर्ड्सने तो काढला. १९९१ ते २००३ या काळात बँडचे चार स्टुडिओ अल्बम आले होते. त्यांतली तेरा गाणी आणि एक नवं गाणं अशी चौदा गाणी यात आहेत.

ट्रिप हॉप या संगीतप्रकाराबद्दल नुसतं ऐकून असलेल्या माणसाने सुरुवात कुठून करावी, असं कुणी विचारलं की मी याच अल्बमचं नाव घेतो. ग्रेटेस्ट हिट्स अल्बमकडे दर्दी मंडळी जरा तुच्छतेने पाहतात, कारण बहुतेक वेळा ती नुसती गाण्यांची मोळी असते. इथे मात्र निवड आणि क्रम दोन्ही विचारपूर्वक केलेले आहेत. या बँडचं खरं बळ कशात आहे, हे सुटे अल्बम ऐकताना लक्षात यायला वेळ लागतो. इथे ते एका बैठकीत कळतं.

बँडमध्ये कोण कोण होतं?

मुळात तिघं. रॉबर्ट डेल नाया, ज्याला सगळे ‘थ्रीडी’ म्हणतात. ग्रँट मार्शल उर्फ ‘डॅडी जी’. आणि अँड्र्यू व्हाउल्स उर्फ ‘मशरूम’. १९८८ च्या सुमारास बँड उभा राहिला, पण त्याआधी ही मंडळी ‘द वाइल्ड बंच’ नावाच्या साउंड सिस्टममध्ये होती. साउंड सिस्टम ही मूळची जमैकाची पद्धत: भलेमोठे स्पीकर, प्लेअर आणि रेकॉर्डच्या पेट्या घेऊन फिरायचं, जागा मिळेल तिथे पार्टी लावायची आणि बेस असा वाजवायचा की छातीत घुमला पाहिजे. ब्रिस्टलच्या सेंट पॉल्स भागात कॅरिबियन वस्ती मोठी, त्यामुळे रेगे आणि डब (रेगेचंच रूप, ज्यात गाणं मागे सारून बेस, ड्रम आणि घुमारे पुढे आणतात) तिथल्या हवेतच होतं. त्यात न्यूयॉर्कहून आलेलं हिप हॉप मिसळलं. पुढे मोठा निर्माता म्हणून नाव काढलेला नेली हूपर वाइल्ड बंचमध्ये होता, आणि ट्रिकीसुद्धा त्याच गोतावळ्यातला.

थ्रीडी हा आधी भिंती रंगवणारा ग्राफिटी कलाकार. बँडच्या कव्हरांवर आणि स्टेजवरच्या दृश्यांवर त्याचा हात दिसतो तो त्यामुळेच.

ट्रिप हॉप म्हणजे काय?

हिप हॉपचा ठेका घ्यायचा, त्याची गती कमी करायची, खाली डबचा जाड बेस ठेवायचा आणि वर रॅपऐवजी किंवा रॅपच्या जोडीला मोकळं गाणं ठेवायचं. ढोबळमानाने एवढं. ‘मिक्समॅग’ या ब्रिटिश मासिकात १९९४ साली हा शब्द आला, तोही डीजे शॅडो या अमेरिकन कलाकाराच्या संगीताविषयी लिहिताना. पण तो चिकटला ब्रिस्टलला. मॅसिव्ह अटॅक, पोर्टिसहेड आणि ट्रिकी ही तीन नावं कायम एकत्र घेतली जातात, आणि तिघांनाही हे लेबल फारसं रुचलेलं नाही. त्यांची नाराजी मला पटते. ‘ब्लू लाइन्स’ हा पहिला अल्बम १९९१ चा, म्हणजे शब्द जन्माला येण्याच्या तीन वर्षं आधीचा. तरीही रेकॉर्डच्या दुकानात कप्पा शोधायचा तर हाच शब्द उपयोगी पडतो, म्हणून मीही तो वापरतो.

यांचा मुख्य गायक कोण? दर गाण्यात आवाज वेगळाच येतो.

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि या अल्बमची किल्ली यातच आहे.

मुख्य गायक असा कुणी नाही. थ्रीडी आणि डॅडी जी पुटपुटल्यासारखं रॅप करतात, पण गाणं पाहुण्यांचं. आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये. आपल्याकडे चित्रपटाला एक संगीतकार असतो आणि प्रत्येक गाण्याला तो वेगळा आवाज शोधतो. चाल त्याची, गळा दुसऱ्याचा, आणि हे गाणं याच गळ्याचं आहे हे ओळखण्यात अर्धी कमाई असते. मॅसिव्ह अटॅकचं काम नेमकं असं चालतं. इंग्लंड-अमेरिकेच्या श्रोत्याला बँड म्हटलं की मध्यभागी एक गायक लागतो, म्हणून त्यांना हे विचित्र वाटलं. आपल्या कानांची तयारी आधीपासूनच आहे.

आता ‘कलेक्टेड’मधले आवाज पाहा. शारा नेल्सन ‘सेफ फ्रॉम हार्म’ आणि ‘अनफिनिश्ड सिम्पथी’मध्ये. ट्रेसी थॉर्न, ‘एव्हरीथिंग बट द गर्ल’ या जोडीतली, ‘प्रोटेक्शन’मध्ये. निकोलेट ‘स्लाय’मध्ये. ‘कॉक्टो ट्विन्स’ या बँडची एलिझाबेथ फ्रेझर ‘टीअरड्रॉप’मध्ये. शिनेड ओ’कॉनर ‘व्हॉट युअर सोल सिंग्ज’मध्ये. जमैकाचे होरेस अँडी ‘एंजल’ आणि ‘फाइव्ह मॅन आर्मी’मध्ये. आणि शेवटच्या नव्या गाण्यात शिकागोचे टेरी कॅलियर. यातला एकही आवाज दुसऱ्यासारखा नाही. नेल्सनचा गळा चर्चमधल्या सोल गायिकेसारखा भरदार, थॉर्नचा शांत आणि सपाट, फ्रेझरचा शब्दांच्या पलीकडे जाणारा, अँडींचा थरथरता आणि उंच. तरीही चौदा गाणी एका घरातली वाटतात, कारण खालची जमीन एकच आहे.

सुट्या अल्बममध्ये दोन-तीन पाहुणे भेटतात. इथे सगळे एका पंगतीला बसलेले आहेत, म्हणून बँडची निवड किती अचूक होती ते दिसतं. माझ्या मते या बँडचं मुख्य वाद्य हेच: दुसऱ्याचा आवाज कुठे बसेल हे ओळखणारा कान.

कोणत्या अल्बममधली किती गाणी आहेत?

‘ब्लू लाइन्स’ (१९९१) मधून तीन: ‘सेफ फ्रॉम हार्म’, ‘अनफिनिश्ड सिम्पथी’, ‘फाइव्ह मॅन आर्मी’. ‘प्रोटेक्शन’ (१९९४) मधून तीन: ‘प्रोटेक्शन’, ‘कर्माकोमा’, ‘स्लाय’. ‘मेझनीन’ (१९९८) मधून चार: ‘एंजल’, ‘टीअरड्रॉप’, ‘इनर्शिया क्रीप्स’, ‘रायझिंगसन’. ‘हंड्रेथ विंडो’ (२००३) मधून तीन: ‘बटरफ्लाय कॉट’, ‘व्हॉट युअर सोल सिंग्ज’, ‘फ्युचर प्रूफ’. आणि नवीन ‘लिव्ह विथ मी’.

गाणी सालांच्या क्रमाने का लावलेली नाहीत?

तशी लावली असती तर अल्बम दोन तुकड्यांत फाटला असता. पहिला अर्धा उबदार, सोल आणि रेगेच्या अंगाने जाणारा. दुसरा काळा, गिटारने भरलेला. बँडचा प्रवास खरोखर तसाच झाला आणि त्यात माणसंही गळत गेली. ‘मेझनीन’च्या वेळी गिटारचा आणि अंधाराचा जोर वाढवायचा की नाही यावरून तिघांत मोठे मतभेद झाले आणि १९९९ मध्ये मशरूम बाहेर पडला. ‘हंड्रेथ विंडो’मध्ये डॅडी जीसुद्धा नव्हता. तो अल्बम थ्रीडीने निर्माता नील डेव्हिजला सोबत घेऊन केला.

‘कलेक्टेड’ ही फाटाफूट लपवत नाही, पण ती रांगेत मांडतही नाही. सुरुवात १९९१ च्या ‘सेफ फ्रॉम हार्म’ने होते, लगेच १९९४ चं ‘कर्माकोमा’ येतं, मग ‘मेझनीन’ची तीन गाणी सलग. आठव्या जागेवरचं ‘अनफिनिश्ड सिम्पथी’ येतं ते २००३ च्या ‘बटरफ्लाय कॉट’नंतर. दोन्हींत बारा वर्षांचं अंतर. आधीचं गाणं कुजबुजतं, आवळत जातं, आणि त्यानंतर त्या व्हायोलिनांचा पडदा उघडतो. मूळ अल्बममध्ये हेच गाणं ऐकताना असं मोकळं वाटत नाही, कारण तिथे आधीचं काहीच एवढं कोंडलेलं नसतं.

एकच गाणं ऐकायचं झालं तर कुठलं?

‘अनफिनिश्ड सिम्पथी’. यावर माझं मत कधी डळमळलेलं नाही.

सुरुवातीला घंटेसारखा किणकिणणारा ठेका, मागे एका पुरुषाची ‘हे, हे’ अशी हाक, आणि मग तारवाद्यांचा ताफा. आधी हे तारवाद्यांचे सूर कीबोर्डवर वाजवले होते. ते पोकळ वाटले म्हणून खरा वाद्यवृंद आणायचं ठरलं. विल मलोन यांनी त्याची मांडणी केली आणि अ‍ॅबी रोड स्टुडिओत ते रेकॉर्ड झालं. खर्च हाताबाहेर गेला आणि तो भरून काढायला बँडची गाडी विकावी लागली. गाणं ऐकताना हा सौदा फायद्याचा झाला असंच वाटतं. नेल्सनचा आवाज ज्या वेदनेबद्दल गातो, ती तारवाद्यांनी नुसती सजवलेली नाही, पुढे ढकललेली आहे. ड्रम मात्र शेवटपर्यंत कोरडा आणि हट्टी राहतो. नाचायचं गाणं आणि रडायचं गाणं एकाच वेळी चालू असतं.

व्हिडिओही जरूर पाहा. दिग्दर्शक बेली वॉल्श. लॉस एंजेलिसच्या वेस्ट पिको बुलेव्हार्डवरून नेल्सन गात चालत जाते आणि कॅमेरा एकही कट न घेता तिच्यासोबत राहतो. आजूबाजूला रस्ता आपल्या व्यापात असतो, तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. पुढे कितीतरी व्हिडिओंनी हे चालणं उचललं.

हे गाणं आलं तेव्हा बँडचं नाव नुसतं ‘मॅसिव्ह’ का छापलं होतं?

१९९१ च्या सुरुवातीला आखाती युद्ध पेटलेलं होतं. अशा वेळी नावात ‘अटॅक’ शब्द असलेल्या बँडचं गाणं रेडिओवर वाजणं कठीण होतं, म्हणून त्या सिंगलपुरता तो शब्द गाळला. युद्ध संपल्यावर नाव पूर्ववत झालं. ‘कलेक्टेड’वर अर्थातच पूर्ण नाव आहे.

महाविष्णू ऑर्केस्ट्राचा यांच्याशी काय संबंध?

चांगलाच जवळचा. ‘अनफिनिश्ड सिम्पथी’मधली ती ‘हे, हे’ हाक महाविष्णू ऑर्केस्ट्राच्या ‘प्लॅनेटरी सिटिझन’ या १९७६ च्या गाण्यातून घेतलेली आहे. आणि ‘सेफ फ्रॉम हार्म’चा अख्खा पाया, म्हणजे तो फिरत राहणारा बेस आणि ड्रम, बिली कोबम यांच्या १९७३ च्या ‘स्ट्रॅटस’मधला. कोबम हे महाविष्णू ऑर्केस्ट्राचे पहिले ड्रमर. म्हणजे पहिल्या अल्बममधल्या दोन सर्वांत मोठ्या गाण्यांची मुळं एकाच कुटुंबात निघतात.

हा ऑर्केस्ट्रा जॉन मॅकलॉफ्लिन या इंग्लिश गिटारवादकाचा. ‘महाविष्णू’ हे नाव त्यांना त्यांचे गुरू श्री चिन्मय यांनी दिलं. ‘प्लॅनेटरी सिटिझन’ आलं त्याच सुमारास मॅकलॉफ्लिन आपल्या माहीमच्या झाकीर हुसेन यांच्यासोबत ‘शक्ती’ हा गट उभा करत होते. शक्तीच्या मैफिली ऐकत मोठे झालेल्या मराठी श्रोत्यांना ब्रिस्टलकडे जायला ही एक आडवाट आहे, आणि ती मला फार आवडते. ‘स्ट्रॅटस’ आधी ऐका, मग लगेच ‘सेफ फ्रॉम हार्म’ लावा. मूळ रचनेत बेसवर गिटार आणि कीबोर्ड यांची आतषबाजी आहे. मॅसिव्ह अटॅकने आतषबाजी सगळी काढून टाकली, बेस ठेवला, आणि रिकाम्या जागेत एक घाबरलेली पण ठाम बाई उभी केली.

दुसऱ्याच्या रेकॉर्डमधला तुकडा उचलणं ही चोरी नाही का?

परवानगी आणि श्रेय असेल तर नाही. साउंड सिस्टममध्ये वाढलेल्या माणसाचं वाद्यच रेकॉर्ड असतं, आणि जुन्या चार सेकंदांतून नवं सहा मिनिटांचं गाणं काढणं हे खरं कारागिरीचं काम. ‘प्रोटेक्शन’मागे जेम्स ब्राऊनचं ‘द पेबॅक’ आहे, पण सांगितल्याशिवाय किती जणांना ओळखू येतं?

परवानगी नसली की काय होतं, त्याचं उदाहरणही याच अल्बममध्ये सापडतं. ‘मेझनीन’मधल्या ‘ब्लॅक मिल्क’ या गाण्यात मॅनफ्रेड मॅन्स अर्थ बँडचा तुकडा होता आणि त्यावरून कोर्टकचेरी झाली. पुढे तो तुकडा काढून केलेली आवृत्ती ‘ब्लॅक मेल्ट’ या नावाने ‘कलेक्टेड’च्या दुसऱ्या डिस्कवर आली. दोन्ही आवृत्त्या एकामागून एक ऐकल्या की एक सॅम्पल, म्हणजे असा उचललेला तुकडा, गेल्यावर गाण्याचा किती भार हलतो ते कानाला कळतं. ‘हंड्रेथ विंडो’पर्यंत बँडने सॅम्पल वापरणंच सोडून दिलं होतं.

‘टीअरड्रॉप’ म्हणजे ‘हाऊस’ या मालिकेचं संगीत ना?

तेच. अमेरिकेत ‘हाऊस’च्या सुरुवातीला या गाण्याचा शब्दांविना भाग वाजायचा. हक्कांच्या अडचणीमुळे इतर अनेक देशांतल्या प्रक्षेपणात दुसरं संगीत वापरलं गेलं. मालिकेमुळे गाणं घरोघरी पोचलं खरं, पण त्यात फ्रेझरचा आवाजच नव्हता.

या आवाजावरून बँडमध्ये रस्सीखेच झाली होती. मशरूमने गाण्याचा कच्चा आराखडा मॅडोनाकडे पाठवला होता आणि तिची गायची तयारीही होती. बाकी दोघांना फ्रेझरच हवी होती. शेवटी तीच गायली. रेकॉर्डिंगच्या त्या दिवसांत तिला जेफ बकलीच्या मृत्यूची बातमी कळली. बकली हा अमेरिकन गायक, एके काळी तिच्या अगदी जवळचा. मे १९९७ मध्ये तो मेम्फिसला नदीत बुडाला. हे गाणं आपल्या मनात त्याच्याशी जोडलं गेलं, असं तिने पुढे सांगितलं आहे.

हे माहीत नसतानाही गाण्यात काहीतरी हरवल्याची भावना आहेच. सुरुवातीला हृदयाच्या ठोक्यासारखा ड्रम आणि रेकॉर्डची बारीक खरखर. मग हार्पसिकॉर्डची छोटीशी ओळ, जी जवळजवळ शेवटपर्यंत बदलत नाही. फ्रेझरचे शब्द अर्धेच कळतात आणि अर्धे कळले तरी पुरतात. वॉल्टर स्टर्नने केलेल्या व्हिडिओत गर्भाशयातलं बाळ हे गाणं गाताना दिसतं. ब्रिटनमध्ये पहिल्या दहांत पोचलेलं बँडचं हे पहिलं गाणं.

‘एंजल’ इतकं भीतीदायक का वाटतं? शब्दांत तर काहीच भीतीदायक नाही.

बरोबर पकडलंत. शब्द साध्या प्रेमगीताचे आहेत आणि ते होरेस अँडींच्या स्वतःच्या एका जुन्या रेगे गाण्यावर बेतलेले आहेत. भीती आहे ती बांधणीत.

गाणं सहा मिनिटांहून मोठं. पहिल्यांदा फक्त एक बेस, इतका खोल की फोनच्या स्पीकरवर तो ऐकूच येत नाही आणि गाणं सुरू झालंय की नाही असा प्रश्न पडतो. मग ड्रम, एकेक ठोका सुटा. त्यावर अँडींचा थरथरता आवाज, अगदी मवाळ. दोन मिनिटं होऊन गेली तरी काही फुटत नाही. श्रोता वाट बघायला लागतो आणि नक्की कशाची ते त्याला सांगता येत नाही. मग अँजेलो ब्रुशिनीची गिटार भिंत कोसळावी तशी अंगावर येते, मागे हटते, पुन्हा येते. या सगळ्या गदारोळात अँडी आवाज चढवत नाहीत. ते तसेच प्रेमाने गात राहतात, आणि अंगावर काटा येतो तो त्यामुळे.

होरेस अँडी किंग्स्टनचे, स्टुडिओ वन या जमैकन रेकॉर्ड कंपनीच्या काळापासूनचे रेगे गायक. मॅसिव्ह अटॅकच्या प्रत्येक स्टुडिओ अल्बममध्ये गायलेला हा एकमेव पाहुणा. खरं तर त्यांना पाहुणा म्हणणंच चुकीचं आहे.

‘कर्माकोमा’मध्ये कर्माचा काय संबंध?

तत्त्वज्ञानाशी फारसा नाही. थ्रीडी आणि ट्रिकी यांच्यातली ही झिंगलेली, अर्धवट जागी जुगलबंदी आहे. ट्रिकीने याच शब्दांचा बराचसा भाग आपल्या १९९५ च्या ‘मॅक्सिनक्वे’ अल्बममध्ये ‘ओव्हरकम’ या नावाने वेगळ्या चालीवर वापरला. दोन्ही ऐकण्यासारखी आहेत. मला ‘ओव्हरकम’ जरा जास्त आवडतं.

नवीन गाणं ‘लिव्ह विथ मी’ भरतीचं आहे का?

मुळीच नाही. ग्रेटेस्ट हिट्समध्ये एखादं नवं गाणं घुसडायची प्रथाच आहे आणि बहुतेक वेळा ते गाणं लोक विसरून जातात. हे अपवाद आहे, आणि त्याचं कारण टेरी कॅलियर.

कॅलियर १९४५ साली शिकागोत जन्मले. सोल गायक कर्टिस मेफील्ड त्यांचा बालपणीचा मित्र. सत्तरच्या दशकात त्यांनी सोल, जॅझ आणि लोकसंगीत यांची सुंदर सांगड घालणारे अल्बम केले, पण ते खपले नाहीत. मुलीला वाढवायचं म्हणून त्यांनी संगीत बाजूला ठेवलं, प्रोग्रामिंग शिकले आणि शिकागो विद्यापीठात नोकरी धरली. नव्वदच्या दशकात इंग्लंडमधल्या डीजेंनी त्यांच्या जुन्या रेकॉर्ड शोधून काढल्या, क्लबांत वाजवल्या, आणि हा माणूस पुन्हा माइकसमोर आला. ‘लिव्ह विथ मी’ गाताना त्यांनी साठी ओलांडलेली होती.

गाणं एका विनवणीचं आहे, आणि या वयाचा आवाज विनवतो तेव्हा त्यात रुबाब उरत नाही. तारवाद्यं ‘अनफिनिश्ड सिम्पथी’ची आठवण करून देतात, पण इथे ती मागे थांबतात, गळ्याला वाट देतात. कॅलियर २०१२ मध्ये गेले.

व्हिडिओबद्दल मात्र आधी सांगून ठेवतो. ‘कर्माकोमा’चाही व्हिडिओ करणारा जोनाथन ग्लेझर याचा दिग्दर्शक आहे. एक एकटी बाई दारू विकत घेऊन घरी जाते आणि पीत राहते. घरात दारूने काही गमावलेलं असेल तर तो पाहणं जड जाईल. गाणं व्हिडिओशिवायही पूर्ण आहे.

‘हंड्रेथ विंडो’ची तीन गाणी जास्त नाहीत का झाली?

झाली. माझी या अल्बमविरुद्धची मुख्य तक्रार हीच. ‘व्हॉट युअर सोल सिंग्ज’ हवंच होतं, शिनेड ओ’कॉनर तिथे इतकी हळुवार गायली आहे की ती २०२३ मध्ये गेल्यापासून ते ऐकवत नाही. पण ‘फ्युचर प्रूफ’ आणि ‘बटरफ्लाय कॉट’ ही दोन्ही थ्रीडीच्या कुजबुजत्या आवाजातली, एकाच जातीची. दोन्हींतलं एक पुरलं असतं.

मग कुठली गाणी राहून गेली?

माझ्या मते सर्वांत मोठी उणीव ‘हिम ऑफ द बिग व्हील’ची. ‘ब्लू लाइन्स’चं शेवटचं गाणं, होरेस अँडींचं, पृथ्वीच्या काळजीने भरलेलं. बँडने पुढे हवामानबदलाबद्दल जी भूमिका घेतली तिचं बीज इथे १९९१ मध्येच दिसतं. त्यानंतर ‘डेड्रीमिंग’, ‘मॅन नेक्स्ट डोअर’, आणि ‘मॅट्रिक्स’ चित्रपटात वाजलेलं ‘डिझॉल्व्ह्ड गर्ल’. शिनेडने गायलेलं ‘स्पेशल केसेस’ तर सिंगल म्हणून निघालेलं, तेही नाही.

नुसरत फतेह अली खाँसाहेबांचं ‘मस्त मस्त’ यात आहे का?

नाही, आणि विचारणारे पुष्कळ असतात. खाँसाहेबांच्या ‘मस्त मस्त’चा रिमिक्स मॅसिव्ह अटॅकने ‘ब्लू लाइन्स’च्याही आधी केला होता. तो रियल वर्ल्ड या रेकॉर्ड कंपनीने काढलेल्या खाँसाहेबांच्या ‘मस्त मस्त’ याच नावाच्या अल्बममध्ये मिळतो. कव्वाली लहानपणापासून कानावर असणाऱ्यांनी तो जरूर मिळवून ऐकावा. बँडने खाँसाहेबांच्या आवाजाला फारसा हात लावलेला नाही. खाली रेगेचा बेस घातला, गती सावरली आणि बाजूला झाले. आवाज निवडण्याचा आणि त्याला जागा देण्याचा जो गुण वर सांगितला, तो या सुरुवातीच्या कामातच स्पष्ट दिसतो. दुसऱ्या डिस्कवर तरी हे हवं होतं.

दुसरी डिस्क म्हणजे काय? घ्यावी का?

मर्यादित आवृत्तीत एक जास्तीची डिस्क होती, जिच्या एका बाजूला इतस्ततः विखुरलेली गाणी आणि दुसऱ्या बाजूला व्हिडिओ. मॉस डेफ या रॅपरसोबतचं ‘आय अगेन्स्ट आय’, मूळचं ‘ब्लेड टू’ चित्रपटातलं. मॅडोनासोबत केलेलं मार्व्हिन गेचं ‘आय वाँट यू’, १९९५ चं. म्हणजे मॅडोना या बँडसाठी एकदा गायली होतीच. फ्रेझरच्या आवाजातलं ‘सायलेंट स्प्रिंग’ही आहे. जुन्या बाजारात ही आवृत्ती दिसली तर सोडू नका. डिस्क हातात मिळाली की दोन्ही बाजू ओरखड्यांसाठी उजेडात धरून बघा, कारण दोन्ही वापरात असतात.

आता कुठे मिळेल?

काळ्या घोड्याचं ऱ्हिदम हाऊस हे रेकॉर्डचं दुकान २०१६ मध्ये बंद झालं, त्यामुळे आत जाऊन चाळून घ्यायचा तो आनंद मुंबईत राहिला नाही. सीडी ऑनलाइन किंवा जुन्या रेकॉर्ड विकणाऱ्यांकडे मिळू शकते.

स्ट्रीमिंगबाबत एक गोष्ट लक्षात असू द्या. सप्टेंबर २०२५ मध्ये बँडने स्पॉटिफायवरून आपलं संगीत काढून घ्यावं असं आपल्या रेकॉर्ड कंपनीला कळवलं. स्पॉटिफायच्या संस्थापकाने लष्करी तंत्रज्ञान बनवणाऱ्या कंपनीत गुंतवलेला पैसा हे त्यामागचं कारण. तेव्हा तिथे ‘कलेक्टेड’ दिसला नाही तर नवल वाटायला नको. हे बँडच्या स्वभावाला धरूनच आहे. ब्रिस्टलमधलं सगळ्यात मोठं सभागृह गुलामांच्या व्यापाऱ्याच्या, एडवर्ड कोल्स्टनच्या नावाचं होतं, तोवर हे लोक आपल्याच गावात तिथे वाजवायला उभे राहिले नाहीत. २०२० मध्ये सभागृहाचं नाव बदललं.

कशावर ऐकावा?

फोनच्या स्पीकरवर अजिबात नको. या संगीतातली निम्मी गोष्ट बेस सांगतो आणि छोट्या स्पीकरवर तोच गायब होतो. बरे हेडफोन किंवा वूफर असलेली सिस्टम. गाडीतही छान वाजतो, रात्री, घाट नसलेल्या रस्त्यावर.

इक्वलायझरमध्ये बेस वाढवायचा मोह आवरा. तो आधीच पुरेसा आहे, वाढवला की ‘एंजल’ नुसतं गुरगुरतं आणि अँडींचा आवाज बुडतो. आणि पहिल्यांदा तरी शफल बंद ठेवा. आठव्या गाण्यापर्यंत क्रमाने पोचलात तरच ते व्हायोलिन जसे उघडायला हवेत तसे उघडतात.

हा आवडला तर पुढे काय ऐकू?

जे गाणं डोक्यात राहिलं असेल त्यावर ठरेल. ‘सेफ फ्रॉम हार्म’ राहिलं असेल तर पूर्ण ‘ब्लू लाइन्स’. ‘एंजल’ किंवा ‘इनर्शिया क्रीप्स’ राहिलं असेल तर ‘मेझनीन’, आणि तो एका दमात, कारण तो तसाच रचलेला आहे. ‘इनर्शिया क्रीप्स’मधला तो फिरता ठेका थ्रीडीने इस्तंबूलमध्ये ऐकलेल्या संगीतातून आला आहे. ‘प्रोटेक्शन’ राहिलं असेल तर तो अल्बम, आणि त्याबरोबर मॅड प्रोफेसर यांनी त्याचं केलेलं ‘नो प्रोटेक्शन’ हे डब रूप.

२००६ नंतरचं काही ‘कलेक्टेड’मध्ये असायचा प्रश्नच नाही. २०१० चा ‘हेलिगोलँड’ घ्या आणि त्यातलं होप सँडोव्हलच्या आवाजातलं ‘पॅरडाइज सर्कस’ आधी लावा. मग २०१६ चं ‘रिच्युअल स्पिरिट’, चारच गाण्यांचं, पण त्यात ट्रिकी परत आलेला आहे.

आणि ब्रिस्टलमधले शेजारी राहतातच: पोर्टिसहेडचा ‘डमी’ १९९४ चा, ट्रिकीचा ‘मॅक्सिनक्वे’ १९९५ चा. दोन्हींत एकाच बाईचा आवाज भरून राहिलेला आहे, तिकडे बेथ गिबन्स, इकडे मार्टिना टॉपली-बर्ड. ‘कलेक्टेड’नंतर ते ऐकलेत की एका गळ्याभोवती अख्खा अल्बम बांधणं आणि प्रत्येक गाण्याला नवा गळा शोधणं यांतला फरक आपोआप ऐकू येईल. यांतलं आधी कुठलं असं विचाराल तर ‘डमी’.